टर्मिनलचं फ्लो कंट्रोल पॉझिक्सप्रमाणे चालतं का, हे कसं तपासायचं

टीसीफ्लो हे टर्मिनलवरचा डेटा थांबवणारं आणि पुन्हा सोडणारं, म्हणजे फ्लो कंट्रोलचं, पॉझिक्स फंक्शन. त्यासाठी मी लिहिलेली पहिली चाचणी जेमतेम दहा ओळींची होती. टर्मिनल उघडायचं, टीसीफ्लोला आउटपुट थांबवायला सांगायचं, शून्य परत आलं की पास. बरेच दिवस ती हिरवी दिसत राहिली. मग एकदा एका छोट्या एम्बेडेड सिस्टीमच्या सी लायब्ररीत डोकावलो, तर तिथे टीसीफ्लो म्हणजे काहीही न करता शून्य परत करणारं रिकामं फंक्शन निघालं. माझी चाचणी त्यालाही खुशाल पास करत होती.

फ्लो कंट्रोल तपासण्यातली खरी मेख इथे आहे. आउटपुट थांबलं हे दाखवायचं म्हणजे काहीतरी घडलं नाही याचा पुरावा द्यायचा. आणि बाइट आले नाहीत याची कारणं दहा असू शकतात: केबल सैल आहे, वाचणारा चुकीच्या फाइलवर बसलाय, चाचणीच झोपली आहे. म्हणून खाली प्रत्येक पायरीत एक प्रश्न सतत येईल: ही शांतता खरी कशावरून?

(फंक्शनची आणि फ्लॅगची नावं आपण बोलताना उच्चारतो तशीच लिहिली आहेत. मॅन्युअल पान समोर उघडं ठेवलं की ती लगेच जुळतात.)

मानक काय मागतं आणि काय मागत नाही

पॉझिक्स म्हणजे आयईईई १००३.१, युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमनी कसं वागावं याचं मानक. पहिली आवृत्ती १९८८ची, सध्याची २०२४ची. फ्लो कंट्रोलचे नियम त्यात दोन ठिकाणी आहेत. व्याख्यांच्या खंडातल्या ११व्या प्रकरणात सर्वसाधारण टर्मिनल इंटरफेस आहे, तिथे फ्लॅगचे, म्हणजे टर्मिनलच्या चालू-बंद सेटिंगचे, नियम सापडतात. टीसीफ्लो फंक्शनचं पान वेगळं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकच वाचलं तर हमखास काहीतरी सुटतं.

टीसीफ्लोच्या कृती चार. टीसीओऑफने आउटपुट थांबतं, टीसीओऑनने पुन्हा सुरू होतं. टीसीआयऑफने सिस्टीम समोरच्या उपकरणाला स्टॉप कॅरॅक्टर पाठवते आणि टीसीआयऑनने स्टार्ट कॅरॅक्टर. नावांवरून चौघं सख्खी भावंडं वाटतात, पण पहिल्या दोघांचं काम आपल्या बाजूचं आहे. उरलेले दोघे फक्त एक बाइट पाठवून मोकळे होतात. समोरचं उपकरण त्या बाइटला मान देतं की नाही, याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमवर नाही. टीसीआयऑफनंतरही इनपुट येत राहिलं म्हणून फेल नोंदवणाऱ्या चाचण्या मी पाहिल्या आहेत. तो निकाल चूक आहे.

फ्लॅग तीन. आयएक्सऑन लावला की आलेल्या स्टॉपने आउटपुट थांबतं, स्टार्टने सुरू होतं, आणि ही दोन कॅरॅक्टर वाचणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाहीत. आयएक्सएनी लावला की थांबलेलं आउटपुट कुठल्याही कॅरॅक्टरने सुरू होतं. जुन्या आवृत्त्यांत हा एक्सएसआय या ऐच्छिक विस्ताराचा भाग होता, त्यामुळे सिस्टीम कुठल्या आवृत्तीशी सुसंगत असल्याचा दावा करते ते आधी बघा. आयएक्सऑफ उलट दिशेचा आहे: इनपुटची रांग भरत आली की सिस्टीम आपणहून स्टॉप पाठवते, रिकामी होत गेली की स्टार्ट.

स्टॉप म्हणजे सहसा आस्की १९, कीबोर्डवर कंट्रोल-एस. स्टार्ट म्हणजे १७, कंट्रोल-क्यू. टेलिटाइपच्या जमान्यात हेच कोड कागदी पट्टी वाचणारं यंत्र चालू-बंद करायला वापरत. एक्सऑन आणि एक्सऑफ ही नावं तिथलीच. आरटीएस-सीटीएस तारांवरचं हार्डवेअर फ्लो कंट्रोल मात्र पॉझिक्समध्ये नाही. ते चालू करणारा सीआरटीएससीटीएस हा फ्लॅग बहुतेक सिस्टीमवर सापडतो, पण सुसंगततेच्या चाचणीत त्याला जागा नाही. उलट चाचणीच्या आधी तो बंद करा, नाहीतर शांततेला अकरावं कारण मिळेल.

मानक वाचताना शब्दांची पारख ठेवा. सिस्टीमने करायलाच हवं, करू शकते, आणि अंमलबजावणीने ठरवावं, असे तीन दर्जे असतात. फेल फक्त पहिल्यावरून देता येतं. आयएक्सऑफमध्ये नेमक्या किती बाइटनंतर स्टॉप जावा हे अंमलबजावणीवर सोडलेलं आहे. स्टार्ट आणि स्टॉपची कॅरॅक्टर बदलता यावीत की नाही, हेही. तिथे आकडा ठोकून चाचणी लिहिली तर तुम्ही मानक नव्हे, तुमचा लॅपटॉप तपासताय.

मांडणी: आधी पीटीवाय, मग केबल

बऱ्याचशा चाचण्या सूडो-टर्मिनलवर, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या टर्मिनलच्या जोडीवर (पीटीवायवर) होतात. पॉझिक्स-ओपनपीटी, ग्रँटपीटी, अनलॉकपीटी आणि पीटीएसनेम या क्रमाने जोडी तयार करा. उघडताना ओ-नॉक्टीटीवाय द्या, म्हणजे चाचणीचा प्रोग्रॅम नकळत त्या टर्मिनलचा मालक होणार नाही. स्लेव्ह बाजू म्हणजे आपलं टर्मिनल. मास्टर बाजू म्हणजे त्यासमोर बसलेला माणूस. मास्टरवर १९ लिहिलं की स्लेव्हच्या दृष्टीने कोणीतरी कंट्रोल-एस दाबलं.

सोलारिससारख्या स्ट्रीम्सवर चालणाऱ्या सिस्टीमवर स्लेव्ह उघडल्यावर पीटेम आणि एलडीटर्म हे मॉड्यूल चढवावे लागतात. ते राहिले तर टर्मिनलचे नियम लागूच होत नाहीत. लिनक्सवर वेगळी काळजी: पॅरेंट प्रोसेसमध्ये स्लेव्हची एक प्रत शेवटपर्यंत उघडी ठेवा. शेवटची प्रत बंद झाली की मास्टरवरचं वाचन ईआयओ ही चूक देतं आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

आता स्लेव्हचं टर्मिऑस, म्हणजे त्याच्या सगळ्या सेटिंगची रचना, घ्या, जपून ठेवा, आणि प्रतीत बदल करा. आयकॅनन, एको, आयसिग, ओपोस्ट बंद, म्हणजे बाइट जसेच्या तसे जातील-येतील. व्हीमिन १, व्हीटाइम ०, म्हणजे वाचन निदान एका बाइटची वाट बघेल. इथे हे सगळं एकदम करणारं सीएफमेकरॉ वापरायचा मोह होईल. वापरायला हरकत नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे फंक्शन पॉझिक्समध्ये नाही. आणि ते आयएक्सऑनही बंद करतं. ते बोलावून झाल्यावर आयएक्सऑनची चाचणी लिहिणारे लोक आहेत, मीही एकदा त्यांच्यात होतो. सेट केल्यावर टीसीगेटअ‍ॅट्रने पुन्हा वाचून ताडून बघा. टीसीसेटअ‍ॅट्र मागितलेल्या बदलांपैकी एक जरी लागू झाला तरी यश कळवू शकतं, हे मानकानेच दिलेलं स्वातंत्र्य आहे.

प्रत्येक चाचणी स्वतंत्र चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवा आणि अलार्म लावा, दहा सेकंद पुरतात. फ्लो कंट्रोलची चाचणी बिघडली की ती बहुधा फेल होत नाही, लटकते. रात्रभर चालणारा संच एका लटकलेल्या चाचणीवर अडून राहिलेला सकाळी बघण्यात मजा नाही.

टीसीओऑफ आणि टीसीओऑन

लेखाचा गाभा हाच, म्हणून जरा सावकाश.

आधी वाट मोकळी आहे हे दाखवा. स्लेव्हवर शून्य ते नऊ हे दहा अंक लिहा आणि मास्टरवर ते एका सेकंदाच्या आत वाचा. आले नाहीत तर पुढे जाऊच नका. निकाल फेल नव्हे, अनिर्णित.

मग टीसीफ्लोला टीसीओऑफ द्या. शून्य परत यायला हवं, पण ते फक्त प्रवेशाचं तिकीट.

आता दुसरे दहा बाइट लिहायचे, ए ते जे म्हणू. इथे सापळा आहे. आउटपुट थांबलेलं असताना राइटने काय करावं? ते अडकू शकतं, किंवा बाइट बफरमध्ये घेऊन लगेच परतू शकतं. लिनक्सच्या पीटीवायवर थांबलेल्या स्लेव्हला जागा शून्य दिसते, म्हणून साधं राइट अडकतं आणि नॉनब्लॉक (न अडकता परतणारं) असेल तर ईअगेन ही चूक मिळते. त्याच लिनक्सवर सीरियल पोर्ट घेतलात तर ड्रायव्हरच्या बफरमध्ये जागा असेतो राइट बिनबोभाट यशस्वी होतं. दोन्ही बरोबर. राइट अडकलं म्हणून पास, किंवा परतलं म्हणून फेल, असं लिहू नका. स्लेव्ह नॉनब्लॉकमध्ये दुसऱ्यांदा उघडा. डुप्लिकेट डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलच्या क्रमांकाची प्रत) घेऊ नका, कारण नॉनब्लॉकचा फ्लॅग डुप्लिकेटमध्ये सामाईक राहतो. त्यावर लिहा आणि किती बाइट स्वीकारले गेले ते टिपून ठेवा. शून्य, चार, दहा, काहीही चालेल.

मास्टरवर पोल लावून दोन सेकंद थांबा. एकही बाइट येता कामा नये.

मग टीसीओऑन. स्वीकारले न गेलेले बाइट आता लिहा. मास्टरवर ए ते जे याच क्रमाने, एकही न गळता आणि एकही दोनदा न येता पोचायला हवेत. हे तीनही तपासा. थांबलेलं आउटपुट टाकून देणारा ड्रायव्हर शांततेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. त्याची चोरी या पायरीवर पकडली जाते.

शेवटी तीच चाचणी टीसीओऑफची ओळ वगळून पुन्हा चालवा. आता दोन सेकंदांच्या खिडकीत बाइट दिसायलाच हवेत. नाही दिसले, तर तुमचा पहारेकरी आंधळा आहे आणि आधीची शांतता कवडीमोलाची. लेखाच्या सुरुवातीचं रिकामं फंक्शन चौथ्या पायरीवरच उघडं पडलं असतं. ही उलट फेरी त्याच्यासाठी नाही, ती चाचणीची स्वतःची परीक्षा आहे.

खऱ्या सीरियल पोर्टवर शांततेच्या आधी थोडी उसंत द्या. १६५५०ए या सीरियल चिपमध्ये १६ बाइटचा फिफो (छोटी रांग) असतो आणि त्यात गेलेले बाइट सहसा बाहेर पडतातच. ९६०० बॉडला एका बाइटला, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून, साधारण एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे १६ बाइटना साधारण सतरा मिलिसेकंद. यूएसबी अ‍ॅडॉप्टर असेल तर याहून जास्त. मी २०० मिलिसेकंद जाऊ देतो, तोवर आलेले बाइट मोजतो, आणि घड्याळ त्यानंतर लावतो.

केबलवर आणखी एक पुरावा मिळतो. बफरमध्ये बाइट पडून असताना टीसीड्रेन (सगळं आउटपुट बाहेर जाईपर्यंत थांबणारं फंक्शन) बोलावलं तर ते परतता कामा नये, आणि टीसीओऑननंतर परतायला हवं. लिनक्सच्या पीटीवायवर हे जमत नाही, कारण तिथे बफरमध्ये काही साचतच नाही आणि टीसीड्रेन लगेच मोकळं होतं.

कोणी थांबवलं, कोणी सोडलं

टीसीओऑफने थांबवलेलं आउटपुट कंट्रोल-क्यूने सुरू व्हावं का? आणि कंट्रोल-एसने थांबवलेलं टीसीओऑनने?

बीएसडी परंपरेत दोन्हींसाठी थांबल्याची खूण एकच, त्यामुळे कोणीही थांबवावं आणि कोणीही सोडवावं. लिनक्सचं कर्नल दोन वेगळ्या खुणा ठेवतं. टीसीओऑफने थांबवलं असेल तर कंट्रोल-क्यूला ते दाद देत नाही. आणि टीसीओऑन आधी बघतं की टीसीओऑफ झालं होतं का. झालं नसेल तर काहीच करत नाही आणि शून्य परत करतं. म्हणजे कंट्रोल-एसने थांबलेलं टर्मिनल टीसीओऑनने हलत नाही.

मानकाच्या शब्दांत थांबलेलं आउटपुट टीसीओऑनने सुरू व्हावं इतकंच आहे, कोणी थांबवलेलं ते वाक्यात नाही. काटेकोर वाचलं तर लिनक्सविरुद्ध मुद्दा मांडता येईल. मी मात्र हे मिश्र प्रसंग वेगळ्या चाचणीत ठेवतो आणि काय घडलं त्याची नोंद करतो, पास-फेल देत नाही. ज्या वाक्याचे दोन प्रामाणिक अर्थ निघतात त्यावर फेल ठोकलं की संचाच्या बाकी निकालांवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

मुख्य चाचणीसाठी धडा साधा: टीसीओऑफची चाचणी चालू असताना स्टार्ट-स्टॉप बाइट त्या टर्मिनलच्या आसपास फिरकू देऊ नका.

टीसीआयऑफ आणि टीसीआयऑन

हे सोपं. स्लेव्हवर टीसीआयऑफ द्या, मास्टरवर १९ हा एकच बाइट यायला हवा. टीसीआयऑनला १७.  बाइट आकड्याने ताडू नका, टीसीगेटअ‍ॅट्रमधल्या व्हीस्टॉप आणि व्हीस्टार्टच्या किमतींशी ताडा.

केबलवर मात्र याच चाचणीने माझा अर्धा दिवस खाल्ला होता. दोन पोर्ट नल मोडेम केबलने जोडलेले. टीसीआयऑफ शून्य देतंय, एस-ट्रेसमध्ये (सिस्टीम कॉलची नोंद दाखवणाऱ्या साधनात) त्यामागचा आयऑक्टल कॉल नीट दिसतोय, आणि समोर काही येत नाही. ऑसिलोस्कोप लावला तर तारेवर बाइट स्वच्छ दिसत होता. समोरच्या पोर्टवर आयएक्सऑन चालू राहिला होता. त्या बाजूच्या कर्नलने १९ गिळला, स्वतःचं आउटपुट थांबवलं, आणि नियमाप्रमाणे वाचणाऱ्याला काहीच दिलं नाही. सिस्टीम अगदी मानकाबरहुकूम वागत होती, चुकलो होतो मी. तेव्हापासून निरीक्षण करणाऱ्या पोर्टवर तिन्ही फ्लॅग बंद आहेत, हे चाचणी स्वतः तपासते.

दोन्ही एकदम तपासायचे असतील तर आधी टीसीओऑफ आणि मग टीसीआयऑफ देऊन बघा. लिनक्सवर सीरियल पोर्टचा ड्रायव्हर हा बाइट रांग ओलांडून पुढे काढतो, आउटपुट थांबलेलं असलं तरी. बीएसडीच्या सी लायब्ररीत टीसीआयऑफ म्हणजे त्याच डिस्क्रिप्टरवर एका बाइटचं साधं राइट आहे, त्यामुळे तो बाकीच्या आउटपुटच्या मागे उभा राहतो. हीसुद्धा फक्त नोंद.

आयएक्सऑन आणि आयएक्सएनी

स्लेव्हवर आयएक्सऑन चालू, आयएक्सएनी बंद. मास्टरवरून १९ लिहा. पुढे बहुतेक जण शंभर मिलिसेकंद झोप घेतात, कारण बाइट स्लेव्हच्या बाजूला कधी प्रक्रिया होऊन पोचला हे कळायला मार्ग नाही असं वाटतं. मार्ग आहे. १९च्या पाठोपाठ एक्स हे साधं अक्षर लिहा आणि स्लेव्हवर एक्स वाचेपर्यंत थांबा. बाइट क्रमाने येतात, म्हणजे एक्स हातात पडला तेव्हा १९ची प्रक्रिया झालेली असणार. झोप नाही, अंदाज नाही. वर एकाच वाचनात आणखी दोन गोष्टी पदरात पडतात: १९ वाचणाऱ्याला दिसला नाही, आणि आउटपुट थांबलेलं असताना इनपुट चालू आहे.

आता स्लेव्हवर लिहा, मास्टरवर शांतता तपासा. एक्स आलेला असूनही आउटपुट सुरू झालं नाही, म्हणजे आयएक्सएनी बंद असल्याचाही पुरावा मिळाला. मग मास्टरवरून १७, आणि सगळे बाइट क्रमाने आले पाहिजेत. १७ वाचणाऱ्याला दिसता कामा नये.

एक्सच्या जागी कंट्रोल-सी वापरू नका. आयसिग चालू असेल तर लिनक्स इंटरप्टसोबत थांबलेलं आउटपुटही सोडतं, आणि तुम्हाला वाटेल आयएक्सएनीच बिघडलाय.

आयएक्सएनीसाठी वरच्याप्रमाणे १९ आणि एक्सने थांबवा, मग फ्लॅग चालू करा आणि वाय पाठवा. आउटपुट वाहू लागायला हवं. फ्लॅग बदलताना टीसीसेटअ‍ॅट्रला टीसीएसएनाऊच (म्हणजे लगेच लागू करा) द्या. टीसीएसएड्रेन दिलंत तर ते आधी सगळं आउटपुट जाण्याची वाट बघेल, आउटपुट थांबवलंय तुम्ही, आणि अलार्म वाजेपर्यंत कोणी हलणार नाही.

उलट बाजूही तपासा. आयएक्सऑन बंद करून १९ आणि १७ पाठवा. दोन्ही साधा डेटा म्हणून वाचायला मिळाले पाहिजेत आणि आउटपुट थांबता कामा नये. थांबलेल्या अवस्थेतच आयएक्सऑन बंद केला तर लिनक्स आउटपुट सोडून देतं. सोयीचं आहे, पण त्यावर पास-फेल ठरवू नका.

शेवटी व्हीस्टॉप बदलून बघा. परत वाचल्यावर जुनीच किंमत दिसली तर निकाल असमर्थित. नवी दिसली तर वरची सगळी चाचणी नव्या कॅरॅक्टरने, आणि १९ आता साधा बाइट झाला का तेही.

आयएक्सऑफ: इथे केबल लागतेच

लिनक्सच्या पीटीवायवर आयएक्सऑफचा फ्लॅग लावता येतो, वाचताही येतो, पण स्टॉप पाठवण्याचं काम तिथे सीरियल ड्रायव्हर करतो आणि पीटीवायकडे ते नाहीच. तिथे कितीही बाइट ओतले तरी १९ येणार नाही. दोन सीरियल पोर्ट किंवा दोन यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्या आणि नल मोडेम केबलने जोडा.

तपासायच्या पोर्टवर आयएक्सऑफ चालू करा आणि तिथून काहीही वाचू नका. समोरून साध्या अक्षरांचा डेटा ओता आणि १९ परत येतो का ते बघत राहा. लिनक्सवर टर्मिनलच्या इनपुटचं बफर ४०९६ बाइटचं आहे आणि ते भरायला साधारण १२८ बाइट उरले की थोपवाथोपवी सुरू होते. मॅक्स-इनपुटची (इनपुट रांगेच्या मर्यादेची) घोषित किंमत मात्र २५५ असते, म्हणून तेवढ्यावर थांबून फेल देऊ नका. मी ६४ किलोबाइटची कमाल मर्यादा ठेवतो. १९ दिसताच ओतणं थांबवायचं, मग तपासायच्या पोर्टवरून सगळं वाचून काढायचं आणि १७ येण्याची वाट बघायची. पाठवलेला प्रत्येक बाइट वाचायला मिळाला ना, हेही मोजा. स्टॉप उशिरा जाऊन चार बाइट सांडले तर फ्लॅगचा उद्देशच फसला.

चुकांचे कोड

इथे रेंगाळायचं कारण नाही. डिस्क्रिप्टर उणे एक असेल तर ईबॅडएफ. पाइप किंवा साधी फाइल दिली तर ईनॉटटीटीवाय. कृतीची किंमत चुकीची असेल तर ईइनव्हॅल. एका वेळी एकच चूक करा, कारण दोन चुका एकदम असतील तर कुठला कोड आधी यावा हे मानक सांगत नाही.

चुकीची किंमत निवडतानाही भान ठेवा. लिनक्सवर चार कृतींच्या किमती ० ते ३ आहेत, बीएसडी आणि मॅकओएसवर १ ते ४. शून्य ही चुकीची किंमत समजून लिहिलेली चाचणी लिनक्सवर टर्मिनल थांबवून बसते. चारही नावांच्या किमतींशी ताडून, त्यांच्यात नसलेला आकडा प्रोग्रॅमलाच शोधू द्या.

पार्श्वभूमीतली प्रोसेस

बॅकग्राउंड प्रोसेस ग्रुपमधून आपल्या नियंत्रक टर्मिनलवर टीसीफ्लो बोलावलं तर त्या ग्रुपला सिगटीटीओयू हा थांबवणारा सिग्नल मिळतो. हा भाग संचांमध्ये सर्रास गाळलेला दिसतो, कारण मांडणी किचकट आहे.

चाइल्ड तयार करा, त्यात नवं सेशन सुरू करणारं सेटसिड बोलावा, मग स्लेव्ह यावेळी ओ-नॉक्टीटीवाय न देता उघडा. बीएसडीवर टीआयओसीएससीटीटीवाय हा आयऑक्टलही लागतो. हा झाला सेशनचा म्होरक्या. त्याने नातू प्रोसेस तयार करायची आणि तिला सेटपीजीआयडीने वेगळ्या ग्रुपमध्ये टाकायचं. सेटपीजीआयडी दोन्हींकडून बोलावा, कोण आधी धावेल सांगता येत नाही. म्होरक्या फोरग्राउंडमध्ये, नातू बॅकग्राउंडमध्ये. नातवाने टीसीआयऑफ बोलवायचं.

म्होरक्याने वेटपीआयडी डब्ल्यूअनट्रेस्डसह बोलावून बघायचं: नातू थांबला का, आणि सिगटीटीओयूनेच थांबला का? सोबत मास्टरवर १९ आला नाही ना? सिग्नलही गेला आणि बाइटही गेला, तर ते चूक आहे. टीसीआयऑफ निवडायचं कारण हेच, परिणाम डोळ्यांना दिसतो. पण चारही कृती तपासा. जिथे टीसीआयऑफ म्हणजे साधं राइट आहे, तिथे टोस्टॉप फ्लॅग नसताना बॅकग्राउंड राइटला सिग्नल मिळत नाही, आणि हा फरक एकाच कृतीवर भागवलं तर निसटतो. थांबलेल्या नातवाला शेवटी सिगकिल.

मग सिगटीटीओयू ब्लॉक करून एकदा आणि दुर्लक्षित करून एकदा. दोन्ही वेळा सिग्नल नाही, शून्य परत, आणि मास्टरवर बाइट हजर.

राहिला अनाथ ग्रुप, म्हणजे ज्यातल्या कुणाचाही पॅरेंट त्याच सेशनच्या दुसऱ्या ग्रुपमध्ये नाही असा; तिथे ईआयओ अपेक्षित आहे. यासाठी मधला पॅरेंट मारून नातवाला अनाथ करण्याची जुनी रीत आहे, पण कंटेनरमध्ये अनाथाला भलतीच प्रोसेस दत्तक घेऊ शकते. म्होरक्याला मारणं तर आणखी वाईट, त्याच्याबरोबर नियंत्रक टर्मिनलच जातं. त्यापेक्षा सोपी युक्ती: म्होरक्याचा ग्रुप मुळातच अनाथ असतो, कारण त्याचा पॅरेंट दुसऱ्या सेशनमध्ये आहे. टीसीसेटपीजीआरपीने नातवाचा ग्रुप फोरग्राउंडला आणा आणि म्होरक्यालाच टीसीफ्लो बोलवायला लावा. उणे एक आणि ईआयओ. यानंतर म्होरक्याला टर्मिनल परत घ्यायचं असेल तर आधी सिगटीटीओयू ब्लॉक करावा लागतो, नाहीतर टीसीसेटपीजीआरपीही त्याच भिंतीवर आपटतं.

आवरणं आणि निकाल लिहिणं

आवरण्याचा क्रम ठरलेला ठेवा: टीसीओऑन, मास्टरवरून १७, टीसीफ्लशने दोन्ही रांगा रिकाम्या, मग टीसीएसएनाऊने जुनं टर्मिऑस परत. पहिली दोन पावलं दोन्ही लागतात, लिनक्सच्या त्या दोन खुणांमुळे. क्रम चुकवलात आणि थांबलेल्या पोर्टवर आधी ड्रेन मागितलं, तर चाचणी संपलेली असते आणि प्रोसेस संपत नाही.

निकालांसाठी ओपन पॉझिक्स टेस्ट सूटचे कोड घ्या, बरीच साधनं ते ओळखतात: पास ०, फेल १, अनिर्णित २, असमर्थित ४, न तपासलेलं ५. निकालाच्या ओळीत नियमाचं वाक्य कुठल्या कलमातलं, उपकरण पीटीवाय की सीरियल, बॉड किती, शांततेची खिडकी किती, आणि उलट फेरीत किती मिलिसेकंदांत पहिला बाइट दिसला, एवढं छापा. तो शेवटचा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. उलट फेरीत पहिला बाइट १.८ सेकंदांनी आला असेल आणि खिडकी दोन सेकंदांची असेल, तर तो पास मी धरत नाही. खिडकी दहा सेकंदांची आणि अलार्म त्याहून लांब करून पुन्हा चालवतो.